घोटभर उत्तर

"पेला काठोकाठ भरा. आज तुम्ही वाचणार ना? घसा कोरडा पडतो."

भिंगरीने मागे वळून पाहिलं. पाण्याच्या मशीनपाशी एक उंच, हडकुळा तरुण उभा होता, आणि त्याचा चष्मा वाकडा होता. एक काच वर, एक खाली. आता ही चष्म्याच्या दुकानात काम करणारी मुलगी. वाकडा चष्मा दिसला की हिचे हात शिवशिवणारच! पण अनोळखी माणसाच्या नाकापर्यंत हात न्यायचा कसा?

"आज मी वाचणार हे तुम्हाला कसं कळलं?"

"हातातले कागद थरथरतायत."

"पंख्याचा वारा आहे."

त्याने वर पाहिलं. पंखा बंद होता. त्याने बाजूला होऊन तिला वाट दिली... आणि भिंगरीचे कान उगाचच गरम झाले.

ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी हौशी लिहिणारी मंडळी जमायची; भिंगरी त्यात नवीनच होती. मंडळ चालवायच्या एक निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणत. बाईंचा एक नियम होता आणि त्यात सूट कोणालाच नव्हती. ज्याचं वाचून झालं, त्याने हातात पाण्याचा पेला धरून गप्प बसायचं. बाकीचे काय वाट्टेल ते बोलोत. उत्तर तोंडाशी आलं की पाण्याचा घोट घ्यायचा आणि पाण्याबरोबर उत्तरही गिळायचं. द्यायचंच असेल, तर पुढच्या वेळी लिहून आणायचं.

भिंगरीने आपलं प्रहसन वाचलं. बायको गेलेला एक बाप, त्याची लग्नाची मुलगी आणि दोघांनी मिळून केलेला स्वयंपाकघराचा सत्यानाश. खोली हसली. विमा एजंट मांडी थोपटून हसले, बाईंनी पदराने डोळे टिपले. भिंगरीने पेला मांडीवर ठेवला. आज काही हा लागत नाही, असं तिला वाटलं.

"मला हसू आलं नाही," वाकड्या चष्म्यातून आवाज आला.

खोलीतले सगळे त्याच्याकडे वळले.

"विनोद चांगले आहेत. पण यातला बाप जेव्हा जेव्हा तोंड उघडतो, तेव्हा मुलगी विनोद करते. 'तुझी आई त्या दिवशी...' असं तो म्हणतो, की हिचं सुरू. बिचाऱ्याचं एक वाक्य पुरं झालेलं नाही. मी कोर्टात स्टेनो आहे, दिवसभर लोकांचं बोलणं टिपतो. कोणी कोणाचं तोडलं की माझी पेन्सिल अडते. आज ती सारखी अडत होती." त्याने वाकडा चष्मा वर सरकवला. "मला वाटतं... लिहिणारीला त्या बापाची भीती वाटते."

भिंगरीने पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

जिन्यात तिने त्याला गाठलंच. नियम खोलीतला होता, जिन्यातला नव्हता.

"तुम्हाला हसता येतं का हो? की कोर्टात काढून घेतात ते, दारातच?"

"येतं की."

"मग सगळे हसत होते तेव्हा तुम्हाला काय झालं होतं?"

"रडू येत होतं," तो सरळ म्हणाला. "ते दाबायचं की हसायचं? एका वेळी एकच जमतं मला."

भिंगरी दुसऱ्याला कधी शेवटचं बोलू देत नसे. पण या वेळी शेवटचं वाक्य त्याचं ठरलं. पायऱ्यांवर पाय आपटत ती निघून गेली.

राग का आला होता, ते सांगायला हवं. भिंगरी काही नाव कमवायला लिहीत नव्हती. तिचे बाबा पूर्वी हसले की शेजारी दार उघडून विचारायचे, काय झालं? आई गेली आणि ते हसू घरातून गेलं. ते परत आणायचं म्हणून ही पोर काउंटरमागे बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, विनोद जुळवत बसायची. घरी गेल्यावर बाबांना वाचून दाखवायची. बाबा म्हणायचे, "छान आहे हो," आणि पेपरची घडी घालायचे. असं दीड वर्ष चाललं होतं.

आणखीही एक गोष्ट होती, ती तिने कोणालाच सांगितली नव्हती. शेवटच्या संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये आईनेच तिला घरी धाडलं होतं. "तू जा गं... जा म्हणते ना!" आवाजात चक्क वैताग होता. ही गेली आणि सकाळी फोन आला. आईला मी का नको होते तेव्हा? हा प्रश्न भिंगरीने मनाच्या तळाशी दडपून टाकला होता, आणि त्याच्यावर रोज एक नवा विनोद रचत होती.

मंगळवारी दुपारी, बाईंना पत्ता विचारून, दुकानाचं काचेचं दार ढकलून तोच स्टेनो आला.

"चष्मा सरळ करायचाय?" तिने वर न बघता विचारलं.

"नाही. भांडण सरळ करायचंय."

"ते आमच्याकडे होत नाही. पुढच्या गल्लीत विचारा."

"मी फार तोडून बोललो. सगळ्यांसमोर 'भीती' म्हणायला नको होतं. चुकलं माझं." त्याने काउंटरवर दोन्ही हात ठेवले. पेन्सिल धरून धरून बोटांना पडलेले घट्टे तिला दिसले. "पण जे ऐकू आलं, ते ऐकू आलं."

"ही माफी आहे?"

"मला यापेक्षा चांगली येत नाही."

तिला हसू फुटलं. तिने ते घाईघाईने आवरलं. "आणा इकडे तो चष्मा. दोन मिनिटांचं काम आहे. काडी गरम करायची, जरा वाकवायची."

"आज नको," तो मागे सरला. "सरळ झाला तर पुढच्या वेळी काय निमित्त सांगून येऊ?"

अगं बाई! भिंगरीने समोरची फ्रेम उचलली, पुसली, ती आधीच लख्ख होती, पुन्हा पुसली.

दारापाशी जाऊन तो वळला. "एक विचारू? त्या बापाला काय सांगायचं होतं हो? 'तुझी आई त्या दिवशी...' याच्या पुढे?"

"मला काय माहीत!"

"पण लिहिलाय तर तुम्हीच."

दार मिटलं. भिंगरी फ्रेम हातात धरून तशीच उभी राहिली. खरंच की. तिला माहीत नव्हतं. घरी बाबा ते वाक्य कितीदा तरी सुरू करत, आणि ती प्रत्येक वेळी मध्येच उडी मारत असे. त्यांना रडू येऊ नये म्हणून, असं ती स्वतःला सांगायची. ते खोटं होतं. काय ऐकावं लागेल, याची तिलाच धास्ती होती.

त्या संध्याकाळी दोघं जेवायला बसले. बाबांनी घास घेतला, तोंड वाकडं केलं.

"भाजीत मीठ नाही."

"बाहेर पडलंय ते. चिठ्ठी ठेवून गेलंय, वाट पाहू नका म्हणून," हे सगळं भिंगरीच्या जिभेवर आलं होतं. तिने पाण्याचा पेला उचलला आणि एक घोट घेतला.

बाबांनी चमकून पाहिलं. या घरात एवढी शांतता फार दिवसांत झाली नव्हती.

"तुझी आई..." ते चाचरले आणि सवयीने थांबले. तिच्या विनोदासाठी जागा सोडून थांबले! भिंगरीने आणखी एक घोट घेतला.

"तुझी आई त्या दिवशी... तुला घरी पाठवलं ना तिने... मी भांडलो तिच्याशी. म्हटलं, पोरीला का हाकलतेस? बसू दे की जवळ." बाबा ताटात बघत होते. "तर म्हणते कशी, अहो, ती बसली की मला हसवते. नर्सच्या चालण्याची नक्कल करते, डॉक्टरांची करते. आणि हसले की ऑपरेशनचे टाके दुखतात हो! म्हणाली, आजची रात्र तिला लांब ठेवा... उद्या टाके जरा बरे झाले की बोलवा. मला पोटभर हसायचंय तिच्याबरोबर."

भिंगरीने पेला खाली ठेवला.

"तू गेल्यावरसुद्धा ती नर्स आत आली नि तुझी आई तोंडात चादरीचं टोक कोंबून... 'आई गं, टाके' म्हणत..." आणि बाबा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग सगळं अंग, आणि मग ते जुनं, शेजारी उठवणारं हसू घरभर झालं. हसता हसता ते रडत होते. भिंगरी उठून त्यांच्या पाठीला बिलगली आणि लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली.

"मला वाटलं, मी नको होते तिला..."

"वेडी की काय तू! अगं, कधीपासून सांगायचं होतं. पण तू एवढी झटायचीस मला हसवायला... म्हटलं, असू दे. पोरीचा हिरमोड नको."

पुढच्या शनिवारी भिंगरीने उत्तर लिहून आणलं. तेच प्रहसन होतं, तेच स्वयंपाकघर होतं, फक्त शेवटी मुलगी गप्प बसते आणि बाप बोलतो. खोली मधूनमधून हसली, आणि शेवटी कोणीच हसलं नाही. विमा एजंट खिडकीबाहेर बघत बसले. मागच्या रांगेत बाबा बसले होते. ते मात्र टाक्यांच्या वाक्याला एकटेच खळखळून हसले, आणि साऱ्या खोलीने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"स्टेनोसाहेब, तुमचं काय म्हणणं?" बाईंनी विचारलं.

तो उठला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं. मग पुढे येऊन त्याने भिंगरीच्या हातातला भरलेला पेला घेतला, सगळ्यांदेखत एक घोट घेतला, आणि पेला परत तिच्या हातात देऊन खाली बसला.

बाई गालातल्या गालात हसल्या. "चला. नियम त्यांनाही लागू."

जिन्याच्या वळणावर तो तिची वाट बघत उभा होता. खाली बाबा जोडे घालत होते. भिंगरीच्या हातात अजून तो पेला होता, परत ठेवायचा राहूनच गेला होता.

तिने पेला कठड्यावर ठेवला आणि न विचारता त्याचा चष्मा काढला. काडी दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली, हलकेच वाकवली, आणि चष्मा परत त्याच्या डोळ्यांवर चढवला. तिची बोटं कानामागे जरा जास्तच रेंगाळली.

"आता नीट दिसतंय?"

"दिसतंय." त्याने चष्म्याला हात लावून पाहिला. "तिथे वर... मला जे सांगायचं होतं ना... म्हणजे त्या लिखाणाबद्दल नाही. मला तुम्ही..."

तो अडला. भिंगरीच्या तोंडाशी एक विनोद आला, चांगला फर्मास होता. तिने कठड्यावरचा पेला उचलून एक घोट घेतला आणि त्याच्या सरळ झालेल्या चष्म्यातून थेट त्याच्या डोळ्यांत बघत राहिली.

"भिंगरी!" खालून बाबांची हाक आली. "येतेस ना गं?"

"थांबा बाबा," ती म्हणाली, नजर जराही न हलवता. "ह्यांचं वाक्य पुरं होऊ दे."