भावाच्या पुस्तिकेचं प्रूफ

"आमची आई, स्वल्पविराम, अज्ञानाच्या अंधारात चाचपडणारी, स्वल्पविराम, भीतीने कापत तीन दिवस देवघरातल्या दिव्यापुढे डोकं आपटत राहिली, उद्गारचिन्ह..."

बाई वाचता वाचता तिथेच थांबली! मिशनच्या छापखान्यात बावीस वर्षं ती हेच काम करत होती... मूळप्रत विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायची, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या मुद्रितशोधकाने छापलेलं प्रूफ तिच्या शब्दांशी ताडून पाहायचं. वाचणाऱ्याने मत द्यायचं नाही हा तिथला नियम होता, आणि तिने तो एकदाही मोडला नव्हता. पण आजच्या मूळप्रतीवर नाव तिच्या सख्ख्या धाकट्या भावाचं होतं, आणि त्यातली आई तिचीही आई होती.

"थांबलात का बाई?"

"काही नाही काका. डोळ्यात कचरा गेला."

"दोन्ही डोळ्यांत?" म्हाताऱ्याने चष्म्यावरून पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

किती गिळायचं माणसाने? वडील गेले तेव्हा भाऊ हुशार म्हणून शिकला आणि ही थोरली म्हणून इथे येऊन बसली. आलेली दोन स्थळं तिने स्वतःच परत पाठवली. तो बाप्तिस्मा घेऊन मिशनच्या धर्मविद्यालयात गेला, तेव्हाही तिने ब्र काढला नाही. ती मात्र आईवडिलांच्याच धर्मात राहिली. पुढे तो उपदेशक झाला, आणि त्याचा पहिला उपदेश ऐकायला ही वेडी कौतुकाने शेवटच्या बाकावर जाऊन बसली, तर तो भर प्रार्थनागृहात म्हणाला, "माझ्या घरातच एक आहे, जिने छापखान्यात अख्खा धर्मग्रंथ चारदा वाचला आणि तरी कोरडीच राहिली!" सगळ्या माना मागे वळल्या होत्या. तेही तिने पोटात घातलं होतं. पण आई? गेलेल्या आईला का मधे ओढायचं?

हे छापलं गेलं, तर त्याच्या घराची पायरी पुन्हा चढायची नाही, असं तिने त्या क्षणी ठरवलं.

"काका," ती म्हणाली, "समासात लेखकासाठी एक शंका लिहा. आई ते तीन दिवस दिव्यापुढे कोणासाठी बसली होती, हे लेखकाने तपासावं."

म्हाताऱ्याने पेन्सिल उचलून तसंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ प्रूफ हातात घेऊनच आला, तणतणत. म्हातारा समजूतदारपणे चहाला निघून गेला.

"ताई, हे काय आहे? समितीने मंजूर केलीय पुस्तिका! हिच्या जोरावर माझी मोठ्या चर्चवर नेमणूक होणार आहे, आणि तू शंका कसल्या काढतेस?"

"मग सांग ना, कोणासाठी बसली होती?"

"कोणासाठी म्हणजे? घाबरली होती ती. मी पाहिलंय."

"तू आठ वर्षांचा होतास. तुझ्या शाळेचे मिशनरी गुरुजी तापाने फणफणले होते, आठवतंय? त्यांच्यासाठी बसली होती ती, अन्नपाणी सोडून! मी विचारलं, आई, त्यांचा देव वेगळा ना? तर म्हणाली, त्या माणसाचं इथे कोणी नाही गं... त्याच्या देवाला यायला वेळ लागत असेल, तोवर मी आपल्या देवाला सांगून ठेवते."

भावाच्या चेहऱ्यावरचा रागच उतरला. त्याच गुरुजींनी पुढे त्याला बाप्तिस्मा दिला होता.

"मग इतक्या वर्षांत... बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू नुसतं सांगत आलास! आम्हाला, शेजाऱ्यांना, जगाला!" तिचा बांध फुटला. "आणि कोरडी म्हणतोस मला? तुझा प्रभू पकडला जायच्या रात्री त्या बागेत एकटा पडतो आणि त्याचे मित्र खुशाल झोपतात, तिथे चारही वेळा रडलेय मी. मूळप्रत भिजू नये म्हणून पदर लावून वाचलंय!"

तो म्हाताऱ्याच्या खुर्चीत बसला. आईवरचं ते पान त्याने पुन्हा वाचलं आणि तिथलीच पेन्सिल उचलून वरपासून खालपर्यंत तिरकी रेघ मारली. मग पुढच्या पानावर. मग त्याच्या पुढच्या.

"अरे, हे काय करतोस? समिती काय म्हणेल? मोठं चर्च जाईल ना हातचं!" एवढी चिडलेली बाई आता त्याच्याच काळजीने कासावीस झाली.

"जाऊ दे. दुसऱ्यांच्या घरांबद्दलही असंच लिहून ठेवलंय गं मी... न विचारता." त्याने मान वर केली. "ताई, तू... माझ्यासाठी बसतेस कधी? आईसारखी?"

"रोज. तुला चालायचं नाही म्हणून बोलले नाही."

"मीही रोज प्रार्थना करतो. तू ख्रिस्ती व्हावंस म्हणून."

"ठाऊक आहे मला," डोळे पुसत ती म्हणाली. "कर की. मी कुठे नको म्हटलं?"