शेवटी येणाऱ्याची जागा

ओइवाने गाडी थांबवली तेव्हा पावसाची नुसती भुरभुर होती. समोर तळं, तळ्यापलीकडे बोडके डोंगर, आणि काठावर दगडांची एक काळी चूल. त्या चुलीभोवती पूर्वी वाटसरूंची झोपडी होती. तिच्या दाराला कधी कुलूप नसे. ती जळून गेली त्याला बरीच वर्षं झाली. चूल आणि धुरांडं तेवढं उरलं.

"इथेच?" इर्याने विचारलं.

"इथेच. तरणा होतो तेव्हा या झोपडीत मासे भाजून खाल्लेत मी. आता बायको आणि गोळ्यांची डबी घेऊन आलोय."

"बायको नसती तर डबी घरीच राहिली असती."

"आणि डबी नसती तर बायको घरी राहिली असती," असं म्हणून तो हसला, आणि हसता हसता त्याला धाप लागली.

इर्या हसली नाही. बर्फ वितळत होता त्या दिवसांत ओइवाची छाती उघडून शिवली होती. थंडी आणि दगदग टाळा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि हा माणूस मोटरहोम, हे चाकांवरचं घर, घेऊन थेट उत्तरेला निघाला होता. रोज जेवणाआधी स्तोत्र म्हणून झालं की ती एवढंच मागायची, 'याला धडधाकट घरी ने, देवा.'

दुपार कलली आणि धुकं उतरलं. तळं दिसेनासं झालं, मग चूल, मग गाडीचा स्वतःचा आरसासुद्धा. उन्हाळ्यातला इथला उजेड मावळत नाही. पण त्या दिवशी तो राखाडी होऊन खिडकीला चिकटून बसला. इर्याने शेगडी पेटवली, कॉफी केली, काळ्या पावावर खारवलेला मासा ठेवला. दोघं समोरासमोरच्या बाकांवर बसली.

तेवढ्यात गाडी दबली.

अशा गाडीत महिनाभर राहिलेल्याला ते लगेच कळतं. बाहेरच्या पायरीवर कुणी पाय ठेवला की अख्खं घर त्या बाजूला किंचित झुकतं. कपातली कॉफी दाराच्या अंगाला तिरकी झाली. इर्याने दार उघडलं. बाहेर धुकं होतं, आणि कुणी नव्हतं.

"वारा असेल," ती म्हणाली.

"वारा असता तर धुकं टिकलं असतं का?" ओइवा बाकावर खिडकीकडे सरकला आणि त्याने शेजारची उशी उचलून मांडीवर घेतली.

"हे काय?"

"जागा करतोय. रानातला नियम विसरलीस वाटतं. शेवटी येईल त्याचा हक्क पहिला. आधी आलेला शेकून कोरडा झालेला असतो, त्याने उठायचं."

"अरे, तो झोपडीचा नियम. ही आपली गाडी आहे."

"झोपडी कुठाय आता? या काठावर विस्तव फक्त इथेच आहे, बयो."

तो चेष्टा करतोय असं तिला वाटलं. पण कॉफी सरळ झाली नव्हती. आणि ओइवाने मोकळ्या केलेल्या जागी बाकाचं कापड हळूहळू काळं पडत होतं. तिने हात लावला. कापड ओलं होतं, विहिरीच्या पाण्यासारखं गार. तिने छतावरून बोटं फिरवली, खिडकीच्या फटी चाचपल्या. सगळं कोरडं होतं. भिजलेल्या लोकरीचा आणि जुन्या धुराचा वास मात्र येत होता.

गाडी पुन्हा दबली. थोड्या वेळाने पुन्हा.

दर वेळी ओइवा उठायचा आणि जागा द्यायचा. आधी खिडकीजवळची, मग समोरच्या बाकावर इर्याशेजारची. शेवटी तो दारापाशी उभा राहिला. त्याचे ओठ निळसर दिसत होते.

"पुरे झालं," इर्या म्हणाली. "निघू या आपण." ती स्वतः पुढे जाऊन बसली आणि तिने किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं, मागची चाकं चिखलात जागच्या जागी फिरली. काठावरची मऊ माती असली तरी दोन म्हाताऱ्या माणसांच्या गाडीने एवढं रुतावं? लाकडाचे ओंडके भरल्यासारखी ती जड झाली होती.

ती मागे वळली. ओइवा जाकीट चढवत होता.

"कुठे निघालास?"

"जागा भरली गं. आपणच आधी आलो होतो." त्याचा आवाज शांत होता, पाहुण्यांसमोर असावा तसा.

"या पावसात? तुझ्या त्या छातीला घेऊन? बस खाली!"

"बसू कुठे?"

इर्याने डोळे मिटले. प्रार्थना सुचेना. सुचला तो नियमच. नियमच हवा ना यांना? मग नियमानेच.

"हलू नकोस इथून," ती त्याला म्हणाली. दार उघडून ती बाहेर पडली आणि दार लावून घेतलं. धुक्यात स्वतःचे हातही तिला धड दिसत नव्हते. तिने छातीशी हात जोडले, मग दारावर टकटक केली.

"देवाची शांती असो," ती मोठ्याने म्हणाली, आणि पायरी चढून आत आली. "मी शेवटी आले आहे. जागा माझी."



मग तिच्या खांद्याला घासून गारवा गेला. गाडी हलकी झाली.

पुन्हा.

पुन्हा.

कॉफी सरळ झाली. धुराचा वास गेला. देवा, पावलास, असं तिच्या ओठांवर आलं, आणि तेवढ्यात गाडी आणखी एकदा वर उचलली गेली.

"ओइवा?"

दारापाशी कुणी नव्हतं. बाकावर उशा नीट लावून ठेवल्या होत्या. शेगडीत नवं लाकूड सरकवलं होतं. आपल्यानंतर येणाऱ्यासाठी शहाणा वाटसरू ठेवून जातो तसं.

ती पायरीवर धावली. "ओइवा! अरे, तू नाही! तुला नव्हते म्हणाले मी!"

धुक्यात, तळ्याच्या बाजूला, ओल्या वाळूवर बरीच पावलं वाजत होती. कुणी घाईत नव्हतं. मग तो आवाजही थांबला.

ती हाका मारत राहिली. घसा बसला तेव्हा आत येऊन ती शेगडीपाशी बसली, दाराकडे तोंड करून.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दारावर टकटक झाली.

"आत जागा आहे का?"

आवाज ओइवाचा होता. धापही त्याचीच.

"आहे रे, आहे! ये ना आत!" इर्या रडत रडत बाकावर सरकली. "तुझीच जागा आहे, माझ्या राजा."

दार उघडलं नाही.

"मग तुम्हाला उठावं लागेल, बाई," तो अदबीने म्हणाला. "आम्ही सगळे शेवटी आलोय."