मधलं ठाणं

तांबजाई घाटदौडीच्या सकाळी सुनेत्रा दळवी पठारावरच्या खडकावर घोंगडी अंथरून बसली होती. शेजारी रेडिओसंच, मोटारीची बॅटरी आणि हाताने फिरवता येणारा अँटेना. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. सुटीच्या दिवशी ती हॅम असे, म्हणजे परवाना काढून हौसेने बिनतारी संच चालवणाऱ्यांपैकी एक. घाटात मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे दौडीचे निरोप दरवर्षी हीच मंडळी पोहोचवत. मानधन नाही, डबाही घरचाच.

"पठार, ऐकताय ना?" पायथ्याच्या तळावरून हेमंत वाळिंबेंनी विचारलं. एरवी ते औषधांचं दुकान चालवत. आज सगळं संदेशवहन त्यांच्या हाती होतं.

"ऐकतेय. तुम्ही नेहमीसारखेच खरखरीत."

"आमच्याकडे तुम्ही बातम्या वाचणाऱ्या बाईंसारख्या येता. आता तरी पूरक बसवा."

पूरक ही नखाएवढी चकती. संचात बसवली की खरखर पुसून टाकायची आणि तुटक्या वाक्यातले गळालेले शब्द अंदाजाने भरायची, तेही बोलणाऱ्याच्याच आवाजात. अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघे, कारण माणसं घाईगडबडीतही ठरावीकच बोलतात. ही चकती आल्यावर आयोजकांनी विचारलं होतं, डोंगराआडच्या खिंडीतलं ठाणं आता तळावर स्वच्छ ऐकू येतं, मग दोन्ही बाजू दिसणारं हे मधलं ठाणं कशाला? वाळिंबेंनी ते केवळ सवयीने ठेवलं. मधल्या ठाण्याने दोघांचं ऐकायचं आणि गरज पडेपर्यंत गप्प बसायचं. सुनेत्राने पूरक बसवली नव्हती. खरखरीवरून समोरचा किती लांब आहे ते कळतं, असं तिचं म्हणणं.

ऊन चढल्यावर खिंडीतून इक्बाल मुजावरांचा आवाज आला. हे शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. सुनेत्राला ऐकू आलं ते एवढंच: खरखर, "...ठलंय," पुन्हा बरीच खरखर, "...थांबवा."

हॅम मंडळींचा एक नेम आहे. ऐकलेला निरोप परत म्हणून दाखवायचा; समोरच्याने 'बरोबर' म्हटलं तरच तो पोहोचला असं धरायचं.

"खिंड, परत सांगतो," वाळिंबे म्हणाले. "पाणी संपत आलंय, आणखी दोन पिंपं पाठवा. बरोबर?"

"बरोबर," खरखरीतून उत्तर आलं.

सुनेत्रा थबकली. पाण्याच्या निरोपात 'थांबवा' कुठून आलं? दोन बोलण्यांच्या मध्ये श्वासभर जागा सोडायची, कुणाला तातडीचं बोलायचं असेल तर, हाही नेमच. तिने ती जागा पकडली.

"ब्रेक, ब्रेक. पठारावरून. वाळिंबे, मला पाणी ऐकू आलं नाही. 'थांबवा' ऐकू आलं."

"अहो, मी शब्दन् शब्द ऐकला. त्यांनी बरोबरही म्हटलं."

"खिंडीतून दरवर्षी पाणीच मागतात. तुमच्या पूरकने ते भरलं. आणि तुम्ही मुजावर सरांचाच निरोप परत म्हणणार, हे त्यांच्या पूरकला ठाऊक. तिने त्यांना त्यांचाच निरोप ऐकवला."

मग वाळिंबे म्हणाले, "मी चकती काढली. विचारा तुम्ही."

तिने अँटेना खिंडीकडे वळवला, संचाची शक्ती पूर्ण वाढवली. "मुजावर सर, पठारावरून बोलतेय. तुम्ही बोलू नका. धावणाऱ्यांना थांबवायचं असेल तर बटण दोनदा दाबा. नसेल तर एकदा."

खट. आणि जरा वेळाने, खट.

वाळिंबेंनी पुढचं काही विचारलं नाही. खालच्या वळणावरच्या स्वयंसेवकांना त्यांनी दोर आडवा बांधायला सांगितलं. पहिला घोळका तोवर तिथे पोहोचतच होता. त्याच्यामागे तीनशे माणसं चढत होती. एक धावपटू चिडून म्हणाला, "माझी वेळ कोण भरून देणार?" मग वरून येणारी गुणगुण त्यालाही ऐकू आली आणि तो मुकाट्याने मागे सरला.

चित्रीकरणाचा ड्रोन कड्याला फार जवळून गेला होता. आग्यामोहोळ उठलं होतं. मुजावर प्लास्टिकच्या कागदाखाली निपचित पडले होते, संच छातीशी, अँटेना जमिनीला टेकलेला.

माश्या निवल्यावर डॉक्टरांनी त्यांना खाली आणलं. इंजेक्शन झालं, श्वास मोकळा झाला. एक डोळा पुरता मिटला होता. वाळिंबेंनी तळावरच्या संचात साठलेला निरोप लावला. मुजावरांचा स्वच्छ, शांत आवाज पाणी मागत होता.

"आवाज माझाच," ते म्हणाले. "पण पाणी मागताना मी 'कृपया' म्हणतो. हिने तेवढं गाळलं."

"आणि ते 'बरोबर'?" वाळिंबेंनी विचारलं.

"ते मीच म्हटलं. तुम्ही मोहोळाचा निरोप अगदी नीट परत सांगितलात. म्हटलं, सुटलो. म्हणून तर गप्प पडून राहिलो."

वाळिंबेंनी चकती खिशात टाकली. "पुढच्या वर्षी मधली दोन ठाणी ठेवू."

पठारावरून उतरून आलेली सुनेत्रा अँटेनाची केबल गुंडाळत होती. तिचा हात मध्येच थांबला.

"मागच्या पुरात पलीकडच्या वाडीतून निरोप आला होता. 'सगळे सुखरूप आहोत, होडी दुसरीकडे पाठवा.' तेव्हा संचात पूरक होती, मधलं ठाणं नव्हतं."

"पण ते सुखरूपच होते की," वाळिंबे म्हणाले. "दुसऱ्या दिवशी आपण स्वतः पाहिलं."

"हो, होते," ती म्हणाली. "पण तसं आपल्याला सांगितलं कुणी होतं?"