पुढच्या सीटची शिवण

भर दुपारी रेक्झिनचं भलंमोठं बोचकं काखेत मारून ती गल्लीतून चालली होती आणि पिशव्यांच्या दुकानाचं शटर ओढायला वाकलेल्या माणसाला ते बोचकं लागलं. तो सावरून उभा राहिला. बोचक्याकडे बघत म्हणाला, "ताई, ही कसली पिशवी?"

"पिशवी नाही. गाडीचं सीट आहे... म्हणजे, सीटचं कव्हर."

"बरं झालं सांगितलंत," तो गंभीरपणे म्हणाला. "मी मघापासून हिचे धरायचे बंद शोधतोय."

तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, त्यामुळे जरा अडखळतच आलं.

ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी कुलूप उघडून आपणच आपल्यासाठी दिवा लावायचा. वडील जाऊन दहा महिने झाले होते. मागे राहिली त्यांची जुनी गाडी. इंजिन ठणठणीत, पण पुढच्या दोन्ही सीटांच्या चिंध्या झालेल्या. ड्रायव्हरच्या सीटमधून तर स्प्रिंग डोकं वर काढून बसलेली. परगावचा भाऊ फोनवर म्हणायचा, भंगारात देऊन टाक, कशाला जीव अडकवतेस. ती हो म्हणायची नाही की नाही म्हणायची नाही. रविवार मात्र तिला खायला उठायचा. अशाच एका रविवारी तिने पान्हा घेतला, गंजलेल्या बोल्टांवर रॉकेल सोडलं आणि दोन्ही सीटं ओढत घरात आणली. जुनी कव्हरं उसवून, त्यांच्या तुकड्यांच्या मापाने नवं रेक्झिन कापलं. आईच्या मागे उरलेल्या शिलाई मशीनने पहिल्याच जाड जोडावर सुई मोडून घेतली. मग दुसरी. शिंप्याने लांबूनच हात जोडले.

पिशवीवाल्याने कव्हर उलटसुलट करून पाहिलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की तुकडे उलट्या बाजूने आखल्यामुळे डावी कड उजवीकडे गेलीय. तिचा चेहरा पडला. तेव्हा तो घाईने म्हणाला, की रविवारी दुकान बंद असतं, जाड कामाची मशीन मोकळीच असते, आणि गाडीचं काम त्यानेही कधी केलेलं नाही. म्हणजे चुकलं तर हसायला तिसरं कुणी नाही.

ती रविवारी गेली. पुढच्याही गेली. ती मशीन चालवायची, तो समोरून रेक्झिन ताणून धरायचा. नव्या रेक्झिनचा उग्र वास, अर्ध्या शटरखालून आत आलेलं ऊन, आणि सुईच्या या बाजूला तिची बोटं, त्या बाजूला त्याची.

"हळू... घाई कसली आहे?"

"घाई नाही, भीती वाटते. रेक्झिनला पडलेलं भोक बुजत नाही म्हणालात ना."

"मग चुकलेली भोकं माझ्या नावावर टाका."

दुकान त्याच्या आईचं. आई गेल्यापासून तो जेवतानासुद्धा रेडिओ लावून बसायचा, समोर कुणीतरी बोलत असावं म्हणून. हे त्याने खाली मान घालून सांगितलं. तिनेही मग भावाला कधी न सांगितलेलं बरंच काही सांगितलं. तिसऱ्या रविवारी घरी परतताना तिच्या ध्यानात आलं, की आज दिवसभरात त्याने तिला एकदाही ताई म्हटलं नाही. गाळलेला शब्द तिच्या नजरेतून कधी सुटत नसे.

चौथ्या रविवारी दोन्ही कव्हरं पुरी झाली. संध्याकाळी घरी तिने पहिलं कव्हर फोमवर ओढलं आणि बाजूची शिवण टर्रकन उसवली. मग चष्मा लावून तिने दोऱ्याची टोकं पाहिली. दोरा तुटला नव्हता. दर तिसरा टाका ब्लेडने, अगदी नीटसपणे, कापलेला होता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती तडक दुकानात गेली आणि कव्हर काउंटरवर ठेवलं.

"मीच कापले," तो म्हणाला. "तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा. काम संपलं असतं तर तुम्ही कशाला आला असता? म्हटलं, अजून एक रविवार..." त्याने कव्हरची घडी सारखी केली. "पण तो रविवारही गेला. दुकानावर भागत नाही, म्हणून मी एका कारखान्यात नोकरी धरलीय. दूर आहे. तुम्ही भेटायच्या आधीच हो म्हणून बसलो होतो. पुढच्या महिन्यात जायचं होतं, आज सकाळी फोन आला, गुरुवारीच हजर व्हा."

रागवायचं ठरवून आलेली ती. राग आलाच नाही. कुणाकडे काही मागायची तिला सवय नव्हती, आणि राहा म्हणायला ती त्याची कोण?

"कसे जाणार?"

"बसने."

"नको. मी सोडते."

दोन संध्याकाळी बसून दोघांनी ती शिवण हाताने, त्याच भोकांतून, पुन्हा घातली. बुधवारी सीटं गाडीत बसली. एक जरा तिरकं बसलं.

गुरुवारी दोघं निघाले. सहा तासांचा रस्ता. पहिला तास सरला. मग समोर बघत, चूक वाचून दाखवावी तशा सपाट आवाजात ती म्हणाली, "तुम्ही मला आवडता."

त्याने खिडकीची काच वर केली, वाऱ्याचा आवाज बंद झाला.

"पुन्हा म्हणा," तो म्हणाला.

"मी गाडी चालवतेय."

"म्हणून तर. आता पळून जाता येणार नाही... तुम्हालाही, मलाही."

तिने पुन्हा म्हटलं. मग त्यानेही.

कारखान्याच्या गेटपाशी तो उतरला, बॅग खाली ठेवली आणि वळसा घालून तिच्या खिडकीशी आला. "इथे रविवारी सुट्टी असते."

"सहा तासांचा रस्ता आहे."

"म्हणजे... नाही येणार?"

"म्हणजे पहाटे पाचला निघावं लागेल," ती म्हणाली.

रखवालदाराने दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे त्याने खिडकीवरचा हात काढला.