एका तारेवरची घरं

मायलो सेडलाकचा आवाज मी आधी चोरून ऐकला, माणूस नंतर पाहिला.

चोरून म्हणजे... आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या शेतघरांना मिळून टेलिफोनची एकच तार होती. प्रत्येक घराची घंटा निराळी, पण घंटा कुणाचीही वाजो, फोन सगळेच उचलायचे. नेब्रास्कात रेडिओपेक्षा त्यात जास्त मजा होती. त्या दिवशी मिसेस हावेलची घंटा वाजली आणि मी अगदी अलगद फोन कानाला लावला.

"आत्या, कोलाचचं पीठ फुगतच नाहीये गं!" एक तरुण आवाज रडकुंडीला आला होता. "काकाला रविवारी कोलाच हवेतच. पाय मोडलाय त्याचा, जीभ नाही."

"दूध उकळून घातलंस ना?"

"चांगलं उकळतं घातलं."

"मग बरोबर आहे की."

कोलाच म्हणजे आमचे चेक लोकांचे सारण भरलेले गोड पाव; मिसेस हावेलचे मात्र दाराला अडसर म्हणून लावता आले असते. मला राहवलं नाही.

"उकळतं नाही, कोमट! यीस्ट मेलं ते!"

मी जीभ चावली, पण आता काय उपयोग?

"आभारी आहे," तो आवाज म्हणाला. "कोण बोलतंय?"

"कुणी... कुणी नाही."

"बरं. मग कुणी-नाहीबाई, सारण खसखशीचं करू की जरदाळूचं?"

"आधी पीठ तर मळा!"

"कुचेरांची लिबी आहे ती," मिसेस हावेल फणकारल्या. "चोंबडी मेली!"

रविवारी धो धो पाऊस होता. आमच्या पडवीत एक उंच मुलगा उभा राहिला, नखशिखांत भिजलेला. टोपी मात्र डोक्यावर नव्हती, हातातल्या ताटलीवर झाकली होती. त्याच्या पापण्यांवरून पाणी ओघळत होतं आणि तो हसत होता. मी उगाच ताटलीकडे बघत राहिले.

"कसा झालाय?" त्याने विचारलं.

मी एक घास खाल्ला. खालून करपला होता, आत कच्चा होता.

"काकांना जपा," मी म्हटलं. "आत्ता कुठे पायच मोडलाय."

तो इतकं मोकळं हसला, की मी दुसराही खाल्ला!

त्या उन्हाळ्यात गावातली सगळी मुलं पेट्रोलपंपावर बसून मोठमोठ्या बाता मारायची. कुणी कॅलिफोर्नियाला निघाला होता, कुणी लाल गाडी घेणार होता. मायलो वीस वर्षांचा, शहरात वाढलेला. काकाचं मक्याचं शेत त्याने एकट्याने सांभाळलं, गाई दोहायला शिकला, काकाला उचलून न्हाऊ घातलं, आणि यातलं काही त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. मला सगळं ठाऊक होतं, कारण मी त्याचा प्रत्येक फोन ऐकत होते. मला त्याचा अभिमान वाटायचा — जसा काही तो माझाच होता!

शनिवारी नाचघरात तो पोल्का नाचायचा, म्हणजे माझी पावलं तुडवायचा.

"दुखलं का गं?"

"छे! डावा पाय अजून शाबूत आहे."

"मग उरलेलं पुढच्या शनिवारी..."

मक्याची कणसं पिवळी पडली आणि मायलोला लष्कराचं बोलावणं आलं. कोरिया. त्यानंतर तो नाचघरात फिरकलाच नाही. मला वाटलं, आज बोलेल, उद्या बोलेल... शेवटी त्याच्या जाण्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ आली. जेवणाच्या वेळी आमची घंटा वाजली.

"लिबी..." त्याचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा बारीक येत होता. जितके कान जास्त, तितका आमच्या तारेवर आवाज क्षीण.

"सगळ्यांनी फोन खाली ठेवा!" मी ओरडले. "लाज नाही वाटत?"

खट्. खट्. खट्. एकेक करून फोन खाली गेले आणि त्याचा आवाज अगदी कानाशी आला.

"लिबी, माझी वाट बघू नकोस. आत्याचा मुलगा रेमंड मागच्या युद्धात मारला गेला... त्याच्यावर जीव लावलेल्या अल्विनाकडे बघ. अजून रस्त्याकडच्या खिडकीत बसते. मला तुझं तसं करायचं नाही गं."

"तुला मी आवडत नाही का?"

"आवडतेस. म्हणूनच तर... फार आवडतेस."

किती चांगला होता, आणि किती मूर्ख! मी आजवर इतकं प्रेम कुणावर केलं नव्हतं. आणि मग मी तेच केलं, जे आग लागल्याशिवाय कुणी करत नाही. टेलिफोनची मूठ गरागरा फिरवली. एक लांबलचक, न तुटणारी घंटा घराघरांत घुमली. बाबा ताटावरून उठले ते थेट पाण्याच्या बादलीकडे धावले.

"कुठे लागली? कुठे?" सगळे एकदम ओरडत होते.

"आग नाही. मी लिबी कुचेरा. मी मायलो सेडलाकची वाट बघणार आहे. तो नको म्हणाला तरी! तुम्ही सगळे साक्षीला आहात. आता बोल, मायलो!"

तो काहीतरी बोलला. पण इतके कान तारेवर होते, की मला नुसती खरखर ऐकू आली. हो म्हणाला, की नाही? मी फोन कानाशी घट्ट दाबला.

"लिबी." एक अनोळखी, हलका आवाज आला. "मी अल्विना. आमचं घर त्याच्या अगदी शेजारी, मला ऐकू आलं."

अल्विना या तारेवर कधी बोलली नव्हती.

"रेमंडनेही मला हेच सांगितलं होतं, थांबू नकोस म्हणून," ती म्हणाली. "तेवढंच सांगून गेला तो. माझं म्हणणं त्याने ऐकूनच घेतलं नाही. हा मुलगा मात्र रडतोय गं. म्हणतोय, थांब. माझ्यासाठी थांब."