वरील व्यक्ती

या प्रकरणातला माझा वाटा आधी सांगते. त्या कागदावरचे 'वरील व्यक्ती' हे दोन शब्द माझे आहेत. लुत्सीनाने तसे लिहिले नव्हते. मी तिला ते लिहायला लावले.

आता बसा. खुर्च्या ओढू नका, उचलून ठेवा. तिसऱ्या मजल्यावरची ३१७ क्रमांकाची खोली बंद का आहे, असे तुम्ही आल्यापासून पहारेकरी झेनोनला विचारता आहात, आणि तो तुम्हाला नळ गळतो म्हणून सांगतो. नळ गळत नाही. तुम्ही चार देशांतून एका सत्रासाठी इथे लुब्लिनला शिकायला आला आहात आणि याच वसतिगृहात झोपता आहात. तेव्हा खरे काय घडले ते तुम्हाला कळले पाहिजे, आणि ते आजच कळले पाहिजे.

लुत्सीना माझी विद्यार्थिनी. शाळेत आठ वर्षे मी तिला पोलिश शिकवले. तिच्या वहीत एखादा शब्द मोघम आला, कोणाविषयी लिहिले आहे ते स्पष्ट झाले नाही, की मी त्याखाली लाल शाईने नागमोडी रेघ ओढून 'कोण?' असा शेरा मारीत असे. पुढे ती विद्यापीठात, परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कचेरीत लागली. तिथे प्रत्येकाचे दोनच कागद महत्त्वाचे. विद्यार्थी पोहोचला की आल्याचा दाखला, सत्र संपवून निघाला की गेल्याचा दाखला. पहिल्याने नाव पटावर चढते, दुसऱ्याने उतरते. मधल्या काळात माणूस काय खातो, कधी रडतो, याच्याशी कचेरीला कर्तव्य नसते.

सात वर्षांपूर्वी, पंधरा फेब्रुवारीला, शुक्रवार होता. लिथुआनियातल्या कौनासहून दोमांतास नावाचा मुलगा रात्रीच्या बसने येणार होता. बस दोन वाजून चाळीस मिनिटांनी पोहोचायची. शनिवार-रविवार कचेरी बंद, आणि उपस्थिती तर शुक्रवारपासून धरायची. लुत्सीनाने तेच केले, जे तिच्या जागी सगळे करतात. शुक्रवारची तारीख घालून आल्याचा दाखला आधीच लिहिला, सही केली, शिक्का मारला, आणि तो पाकिटात घालून ३१७च्या किल्लीसोबत इथे, याच खिडकीत, झेनोनकडे दिला.

"आणि आलाच नाही तर?" झेनोनने विचारले.

"काका, तो बसने येतोय, होडीने नाही. येईल."

"बस चुकली तर?"

"तर दुसरी पकडेल. तुम्ही आपले ते तळलेले गोड पोंचेक खा बघू, पिठीसाखर सगळी वहीवर सांडलीय."

व्येप्श नदीच्या पुलाअलीकडे बस बर्फावरून घसरली. तेव्हा एक पन्नास झाले होते. बसमधले सगळे वाचले. एक सोडून.

सकाळी खिडकीत पाकीट नव्हते. खिळ्याला किल्ली नव्हती. नोंदवहीत, पिठीसाखर पुसून, सुबक अक्षरात लिहिलेले होते: दोमांतास, खोली ३१७, वेळ २.४०. झेनोन आजही शपथेवर सांगतो की त्याचा डोळा लागला नव्हता. केसांत बर्फ असलेला एक मुलगा आला, 'उशीर झाला, माफ करा' असे मोडक्या पोलिशमध्ये म्हणाला, आणि जिन्याने वर गेला.

सोमवारी कौनासहून पत्र आले. दोमांतास गेला, एवढेच त्यात होते.

लुत्सीनाने पत्र फाइलला लावले आणि ती गप्प बसली. तुम्ही तिला दोष द्याल. मी देत नाही, पण चूक तिने केली होती. न आलेल्या मुलाला तिने आल्याचा दाखला दिला होता. आता गेल्याचा दाखला कोणत्या तोंडाने देणार? नाव पटावर राहिले. दर सत्राच्या अखेरीस मोजणी व्हायची: माणसे त्र्याऐंशी, पटावर चौऱ्याऐंशी. लुत्सीना डोळे मिटून सही करायची.

खोली इतरांना दिली जात होती. कोणी तिथे टिकत नव्हते. खोली गार आहे, एवढेच सगळे म्हणत.

गेल्या वर्षी ती स्पेनमधल्या विगोच्या इरियाला मिळाली. बारा फेब्रुवारीला इरिया कचेरीत आली, ती तीन स्वेटर चढवून, खोकत.

"लुत्सीनाबाई, माझ्या खोलीतल्या त्या मुलाला त्याचा कागद देऊन टाका ना."

"कुठला मुलगा? ती एकटीची खोली आहे."

"मलाही असंच सांगून दिली होती! रोज पहाटे पावणेतीनला येतो. ओल्या कोटात टेबलाशी उभा राहतो, खाली नुसतं पाणी. रोज मीच पुसते. पोलिश तर माझ्यापेक्षा वाईट बोलतो, म्हणजे विचार करा."

"काय... बोलतो?"

"'कागद झाला का?' दुसरं काही येतच नाही त्याला. नाही म्हटलं की माझ्या पलंगावर पायथ्याशी बसतो. बाई, तो बसला की सकाळपर्यंत मला माझे पाय सापडत नाहीत."

"मग मैत्रिणीकडे झोप आजच्या दिवस."

"झोपले होते. तिथंही आला."

लुत्सीनाने तिच्या कपाळाला हात लावला. ताप होता. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितले होते की अशा आणखी चार रात्री गारठ्यात काढल्या, तर पोरगी हाती लागणार नाही. लुत्सीनाने ते ऐकले, आणि सहा वर्षे जे केले नव्हते ते करायचे ठरवले.

पंधरा तारखेच्या संध्याकाळी ती गेल्याच्या दाखल्याचा मसुदा घेऊन माझ्याकडे आली. छापील नमुना तसाच होता: वरच्या ओळीत विद्यार्थ्याचे नाव, त्याखाली दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, त्याखाली मजकूर. तिने लिहिले होते, 'दोमांतास आज येथून गेला.'

मी भिंग लावून वाचले. तीन ओळींत एकच नाव दोनदा आले होते. मला ते ढिसाळ वाटले. मी नाव खोडून वर सुधारणा केली: 'वरील व्यक्ती आजच्या तारखेस येथून निघून गेली.'

"बाई," लुत्सीना म्हणाली, "पण वर दोन नावं आहेत."

"वाचणारा मूर्ख नसतो, लुत्सीना."

ती आज्ञाधारक होती. तिने माझे वाक्य स्वच्छ उतरवून घेतले. खोडाखोडीचा मसुदा मी माझ्या मेजाच्या खणात टाकला आणि कुलूप लावले.

रात्री अडीच वाजता ती ३१७मध्ये जाऊन बसली. इरियाला तिने खाली झेनोनच्या शेगडीशी, लिंबाचा चहा देऊन बसवले होते. पण त्या पोरीला राहवले नाही. ती उठून दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत आली आणि कठड्याला धरून उभी राहिली. वरचे जे मला ठाऊक आहे, ते तिने ऐकलेले आहे.

लुत्सीनाने दार किलकिले ठेवले होते. कागद टेबलावर. पेन शेजारी. तिने दोनदा शिक्का तपासला. तिसऱ्यांदाही तपासला असावा. शिक्क्याच्या डबीच्या झाकणाचा आवाज इरियाला तीनदा आला.

दोन चाळीस.

जिन्यात पावले वाजली. ओली पावले. ती इरियाच्या अंगावरून वर गेली. जिन्यात कोणी नव्हते. फक्त तिच्या हातातला चहा गार पडला.

दार करकरले.

"कागद झाला का?"

"झाला." लुत्सीनाचा आवाज बारीक होता, पण कचेरीतल्यासारखा नीट होता. "बसू नकोस. वाचून दाखवते. तसा नियम आहे."

ती वाचू लागली. त्याचे नाव वाचले. मग स्वतःचे नाव वाचले. मग मजकूर.

"वरील व्यक्ती... आजच्या तारखेस... येथून निघून गेली."



थेंब पडल्याचा आवाज. एक. आणखी एक.

मग तो मुलगा, परक्या भाषेतला कठीण शब्द विचारावा तसा, अगदी नम्रपणे म्हणाला,

"वरील... म्हणजे कोण?"

"म्हणजे..."

लुत्सीना थांबली.

"म्हणजे..."

पुढे काही नाही. खुर्ची एकदा वाजली. मग तेही नाही.

आणि त्याच क्षणी खालून, या खिडकीतून, झेनोनची हाक आली, "अगं लुत्सीना! किल्ली खिळ्याला लावलीस ती लावलीस, पण कोट न घालता कुठं निघालीस? बाहेर उणे अकरा आहे!"

इरिया धावत खाली आली. झेनोन काउंटरशी उभा होता. खिळ्यावर ३१७ची किल्ली हलत होती. मुख्य दाराला आतून अडसर होता.

"आत्ता माझ्यासमोरून गेली," तो म्हणाला. "माझ्याकडे पाहिलं पण नाही."

"काका... त्या जिन्यात मी उभी होते. जिन्यातून कोणी उतरलं नाही."

दोघे वर गेले.

लुत्सीना खुर्चीवर बसलेली होती. हात टेबलावर, डोळे कागदाकडे. अंग गार. डॉक्टरांनी हृदयाचे कारण लिहिले. आमच्या गावात चाळीशीतल्या बाईच्या मृत्यूला तेवढे पुरते. फरशीवर पाण्याचे पायठसे होते. ते दारातून आत आले होते. टेबलाशी थांबले होते. तिथून पलंगाकडे वळले होते, पायथ्याशी.

बाहेर गेले नव्हते.

त्या कागदाने सांगितले ते अक्षरशः घडले. मजकुराच्या लगेच वर ज्या व्यक्तीचे नाव होते, ती निघून गेली.

इरियाला त्याच सकाळी विमानात बसवून दिले. ती बरी झाली. तिचे पत्र येते. खोलीला कुलूप घातले. रोज पहाटे त्या दाराखालून पाणी येते आणि झेनोन ते पुसतो. मोजणीत अजूनही एक नाव जास्त येते.

लुत्सीनाला पुरून आल्यावर मी खण उघडला. त्याची किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत असते, ही पाहा. मसुदा जसा ठेवला तसा होता. फक्त 'वरील व्यक्ती' या शब्दांखाली लाल नागमोडी रेघ होती, आणि समासात एक शब्द. मी लाल शाई वापरणे सोडले त्याला अकरा वर्षे झाली. अक्षर माझे नाही. ते अक्षर मी आठ वर्षे तपासले आहे. हा कागद. हातात घेऊ नका, दिव्यापाशी धरते, वाचा.

'कोण?'

तर आता काय ठरले ते ऐका. गेल्याचा दाखला द्यायचा नाही. आल्याचा दाखला रद्द करायचा. मजकूर मी लिहिला आहे आणि त्यात एकही मोघम शब्द नाही: 'कौनासचा विद्यार्थी दोमांतास लुब्लिनला कधीच पोहोचला नाही. दोमांतास आला, असे कचेरीने लिहिले, ते खोटे होते.' नाव दोन्ही वाक्यांत पूर्ण आहे. अधिकाऱ्याचे नाव वर नाही, सर्वांत खाली आहे. कचेरीतल्या कोणाची तिथे सही करायची तयारी नव्हती, म्हणून तिथे माझे नाव आहे. वाचून दाखवायला मीच जाणार. तुमच्यापैकी कोणीही जिन्यात उभे राहायचे नाही.

कचेरीच्या प्रमुखांनी याला लेखी मान्यता दिली आहे. इरियाने विगोहून होकार कळवला. कौनासहून दोमांतासच्या आईने एका ओळीचे उत्तर पाठवले: 'त्याला घरी पाठवा.' झेनोन आधी नाही म्हणत होता. मघाशी त्याने किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली.

लुत्सीनाला विचारता आले नाही. पण तिचा शेरा तुमच्यासमोर आहे, आणि तो बरोबर आहे.

दोन वीस झाले. दिवा राहू द्या.