आधीच लिहिलेले तास

मंगळवारी सकाळी बायकोला, नलूला, घेऊन अलिबागच्या इस्पितळात गेलो. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होतं. गुरुवारी घरी, असं ठरलेलं. वही बरोबर होतीच. वीस वर्षं मिठागरावर भरतीचं पाणी मोजून मी वहीत लिहिलं. भरती वेळ चुकवत नाही, म्हणून संध्याकाळचा आकडा दुपारीच लिहून ठेवायची सवय लागलेली.

ऑपरेशननंतर नलूला लघवीची पिशवी लावली. वॉर्डात चौदा पेशंट आणि सिस्टर एकटीच, साक्षी. ती म्हणाली, "काका, दर तासाला पिशवीचा आकडा लिहाल? तुमची वही आमच्या फायलीपेक्षा नीट हाय."

एक वाजता तीस मिली. दोनला आणखी तीस. मग मला चहा प्यायला जायचं होतं. तीन, चार, पाच, तिन्ही तासांपुढे तीस लिहून मी उठलो. साक्षीने ते आकडे फायलीत उतरवले.

परत आलो तेव्हा वॉर्डात फिनेलचा वास आणि यंत्राची बारीक टिकटिक. नलू पुटपुटली, "अहो… आतून मिठागर सुकल्यासारखं वाटतंय…"

तिच्या बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन शंभर होता.

"शंभर हाय बघ. झोप आता."

सहाला डॉक्टरांनी पिशवी उचलून पाहिली. दोननंतर थेंबही वाढला नव्हता.

"भुलीत रक्तदाब उतरला होता," ते हळू म्हणाले. "मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं. बोटावर शंभर दिसला तरी मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला ऑक्सिजन पुरतोच असं नाही. लघवी आटली, तेव्हाच कळायला हवं होतं. तीनलाच कळलं असतं, तर…"

ते माझ्या वहीकडे बघत राहिले.

डायलिसिसही कामी आलं नाही. शुक्रवारी सकाळी सहाला नलू गेली.

वही मी ट्रंकेत टाकली. तेरावं उरकलं. आज पुन्हा मंगळवार. तिचं पान फाडून टाकावं म्हणून वही काढली. कागद दमट होता, कडांना मिठाचे पांढरे कण. पान उलटलं.

पुढच्या पानावर माझं नाव होतं. आजची तारीख. अक्षर माझंच.

एक: शून्य. दोन: शून्य. तीन: शून्य.

असे शुक्रवारी सकाळी सहापर्यंतचे सगळे तास भरलेले. पुढे कोरं.

आत्ता साडेबारा वाजलेत. सकाळपासून तीन तांबे पाणी प्यायलो, तरी लघवी झालेली नाही. आतून सुकत चाललंय.

कोरोनाच्या वेळचं बोटाचं यंत्र शोधून लावलं. चार वेळा लावलं.

शंभर.